हाताजोगें हँडल

मुलांस सायकल घेतांना वडील माणसें उंची मोजतात, किंमत मोजतात. हात मात्र कोणी मोजीत नाहीं. साध्या सायकलीस हें खपून जातें. परंतु मेंढ्याच्या शिंगांप्रमाणें पुढें जाऊन खालीं वळणाऱ्या शर्यतीच्या हँडलास तें खपत नाहीं.

आमच्या नातीची सायकल अशीच आहे. उतारावर हँडलाचा खालचा बांक धरला असतां तिचीं बोटें ब्रेकच्या पट्टीस जेमतेम टेंकत. दुकानदार म्हणाला, "आजोबा, सवय होईल." सवयीनें बोटें लांब होत नाहींत! बाळबोध गिरविणाऱ्या पोराच्या हातीं जाडजूड बोरू द्यावा आणि वळण बिघडलें म्हणून त्यालाच बोल लावावा, तशांतली ही गत.

मग आम्ही फूटपट्टी घेऊन बसलों. अशा हँडलाचीं मापें तीन : रुंदी, पुढचा पल्ला व बांकाची खोली. रुंदी सामान्यतः दोन्ही खांद्यांच्या हाडांमधील अंतराएवढी असावी. नातीचें हँडल ४२ सें. मी. होतें, ३६ व ३८ सें. मी. चींही मिळतात. कोणी कारखानदार नळीच्या मध्यापासून मोजतो, कोणी बाहेरच्या कडेपासून. तें विचारून घ्यावें. पल्ला ७० ते ८० मि. मी. व खोली १२० ते १२५ मि. मी. असलेलें आटोपशीर हँडल लहान हातांस बरें. जुन्या घडणीच्या खोल, गोल बांकांत ब्रेकची पट्टी बहुधा अधिक दूर राहते.

तथापि नवें हँडल घेण्यापूर्वीं एक बिनखर्ची उपाय करावा. पुष्कळ ब्रेकांच्या पट्टीपाशीं लहानसा स्क्रू असतो. तो फिरविला कीं पट्टी हाताच्या जवळ येते. मात्र त्यानंतर पट्टी जोरानें दाबून पाहावी. चाक आवळण्यापूर्वींच ती हँडलास टेंकली, तर तार ताणून घेतल्यावांचून सायकल घराबाहेर काढूं नये. हँडलावरील वेष्टनही पातळ असावें. जाड वेष्टनानें मूठ अकारण मोठी होते.

कसोटी सोपी आहे. सायकल उभी असतां खालचा बांक अंगठ्यासह घट्ट धरावा. मूठ न सरकवितां तर्जनीचें पहिलें पेर पट्टीवर सहज वळलें, तर हँडल हाताजोगें. नातीस स्क्रूनें अर्धें काम झालें. उरलेलें ३८ सें. मी. च्या आटोपशीर हँडलानें केलें.

घरांतील मुलींचे व सुनांचे हात बहुधा लहानच. दुकानीं जातांना त्यांस बरोबर न्यावें, आणि चकाकीकडे पाहण्याआधीं त्यांचीं बोटें ब्रेकवर ठेवून पाहावींत.