आठी आणि सुरकुती

चेहऱ्यावरच्या रेघांसाठी मराठीत दोन शब्द आहेत. आठी पडते आणि घालताही येते. सुरकुती फक्त पडते. आठीमागे मन असते. राग, नापसंती, काळजी किंवा नुसता विचार असल्याशिवाय कपाळाला आठी पडत नाही. सुरकुती मात्र कागदाला, कापडाला, सुकत चाललेल्या फळालाही पडते. भाषेने केलेला हा भेद सुरेख असला तरी शरीर तो पाळत नाही. एकाच जागी वर्षानुवर्षे पडणारी आठी, त्वचेतील कोलॅजेन कमी होत गेले आणि उन्हाने आपले काम केले, की मुक्कामालाच येते. कालची आठी ही आजची सुरकुती असते.

संस्कृतात या दोहोंच्या शेजारी 'वली' हा शब्द आहे आणि त्याची कथा अधिक बोलकी आहे. 'कुमारसंभवा'च्या पहिल्या सर्गात कालिदास पार्वतीच्या उदरावरील तीन वळ्यांचा सौंदर्यखूण म्हणून उल्लेख करतो. त्रिवली हा नायिकावर्णनातला रूढ संकेतच आहे. हीच वली चेहऱ्यावर आली की 'पलित' म्हणजे पांढऱ्या केसांशी तिची जोडी जमते आणि ती जरेची खूण ठरते. म्हणजे घडी स्वतः सुंदरही नसते आणि कुरूपही नसते. ती कुठे आणि कोणत्या वयात पडली, यावर पाहणारा तिची किंमत ठरवतो. आणि हा पाहणारा आपल्या काव्यपरंपरेत बहुतेक वेळा पुरुष आहे.

ययातीची कथा या दृष्टीने पुन्हा वाचावी. शुक्राचार्यांच्या शापाने जरा आली, तेव्हा तो आपल्या मुलांपुढे सुरकुत्यांचे आणि पांढऱ्या केसांचे गाऱ्हाणे घेऊन उभा राहिला आणि पुरूने आपले तारुण्य त्याला दिले. पुढच्या हजार वर्षांत देवयानीचे आणि शर्मिष्ठेचे वय किती वाढले, याची चौकशी कथा करीत नाही. खांडेकरांनी १९५९ च्या 'ययाती'त या दोघींना स्वतःचे निवेदन दिले, हे त्या कादंबरीचे मोठेपण. परंतु जरेचा करार झाला तो बाप आणि मुलगा यांच्यातच.

याउलट थेरीगाथेतली अंबपाली. वैशालीची ही गणिका उत्तरायुष्यात भिक्षुणी झाली. तिच्या नावावरच्या एकोणीस गाथांत ती केसांपासून पायांपर्यंत एकेक अवयव घेते आणि तो पूर्वी कसा होता, आता कसा आहे, हे सांगत जाते. भुवयांपाशी आल्यावर सुरकुत्यांचा उल्लेख येतो. अनित्यतेचा उपदेश म्हणून या गाथा शिकवल्या जातात आणि ते योग्यच आहे. परंतु एका तासाला एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, हे तिने स्वतःच आरशात बघून म्हटलं असेल ना?" या प्रश्नाने माझे वाचन बदलले. नखशिखवर्णनात जिला न्याहाळले जाते, तीच इथे न्याहाळणारी झाली आहे. स्वरात विलाप नाही, लाजही नाही. आहे तो हिशेब. आणि तो तिने स्वतः मांडला आहे.

आपल्या मराठी कथा-कादंबऱ्यांत सुरकुत्यांना मानाची जागा मिळते ती आजीच्या चेहऱ्यावर. 'सुरकुत्यांचे जाळे' आणि त्यातून पाझरणारी माया आपल्याला पाठ आहे. नायिकेचे कपाळ नितळ, आजीचे जाळीदार; मधल्या तीस वर्षांत त्या कपाळाचे काय होते, याबद्दल आपले गद्य फारसे बोलत नाही. सूझन सॉन्टॅगने १९७२ मधल्या वार्धक्याच्या दुहेरी मापदंडांवरील निबंधात म्हटले होते, की पुरुषाला मुलाचे आणि प्रौढाचे अशी दोन सौंदर्ये उपलब्ध असतात. बाईला एकच, मुलीचे. मी सध्या त्या मधल्या वर्षांत आहे.

काही वर्षांपूर्वी महाविद्यालयाच्या एका प्रकाशनासाठी आम्हा प्राध्यापकांची छायाचित्रे काढली गेली. छापून आले तेव्हा माझे कपाळ कोरे होते. भुवयांमधल्या दोन उभ्या रेघा, डोळ्यांच्या कडेच्या चुण्या, काहीच नव्हते. शेजारच्या चौकटीत माझ्याहून थोडे मोठे सहकारी त्यांच्या सर्व रेघांसह विराजमान होते. छायाचित्रकाराला विचारले. तो सौजन्याने म्हणाला, "मॅडम, थोडं क्लीन केलंय. सरांचं तसंच ठेवलं, सरांना शोभतं." त्याच्या मनात माझ्याविषयी आदरच होता; म्हणून तर मला उत्तर सुचेना. वीस वर्षे उत्तरपत्रिका आणि बारीक टायपातले संदर्भग्रंथ वाचून मिळवलेल्या त्या दोन रेघा त्याला डाग वाटल्या होत्या.

मी केस रंगवते. त्यामुळे ज्या बायका क्रीम लावतात किंवा डॉक्टरकडे जातात त्यांना उपदेश करण्याचा माझा इरादा नाही. नोकरीत, लग्नघरात, मोबाइलच्या पडद्यावर चेहऱ्याची परीक्षा रोज होते आणि परीक्षार्थीला दोष देणे सोपे असते. मला कुतूहल आहे ते परीक्षेच्या विषयाचे. बोटॉक्सला अमेरिकेत २००२ साली सौंदर्योपचार म्हणून मान्यता मिळाली, ती नेमकी दोन भुवयांमधल्या रेघांसाठी. हे औषध त्वचेला काही करीत नाही. ते खालच्या स्नायूला तीन-चार महिने स्वस्थ बसवते. सुरकुती जाते, कारण आठी घालता येत नाही.

भरताच्या नाट्यशास्त्रात भुवयांची सात कर्मे सांगितली आहेत. त्यांतली भ्रुकुटी क्रोधासाठी आहे. तेव्हा प्रश्न केवळ वय लपवण्याचा राहत नाही. 'कपाळाला आठ्या घालू नकोस' हे प्रत्येक मुलीने घरात ऐकलेले असते. तेच वाक्य आता सुईतून सांगता येते एवढेच. बाईच्या चेहऱ्यावरून प्रथम पुसली जाते ती तिची नापसंती.

१९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून आणीबाणीचा निषेध केला, तेव्हा दुर्गाबाई भागवत पासष्ट वर्षांच्या होत्या. गुळगुळीत कपाळाच्या दुर्गाबाई मला कल्पनेतही आणता येत नाहीत.