आंबा कोठे जातो?

माझ्या आयुष्याची चौतीस वर्षे आकड्यांच्या सहवासात गेली. बँकेतील नोकरीच ती! दिवसभर लोकांच्या पैशांची जमा आणि नावे लिहावी, संध्याकाळी दोन्ही बाजूंच्या बेरजा कराव्या आणि त्या जुळल्या म्हणजे छत्री उचलून घरी जावे, असा आमचा क्रम असे. ज्या दिवशी बेरजा जुळत नसत, त्या दिवशी मात्र दिवेलागण होऊन गेली तरी आम्ही वह्यांत डोके घालून बसलेले असू. फरक कधी कधी अवघ्या दहा पैशांचा असे. एखादा नवखा कारकून कंटाळून म्हणे, "दहा पैसे मी माझ्या खिशातून घालतो, आता घरी जाऊ या." त्यावर आमचे अकौंटंट हसत आणि म्हणत, "पैसे तू घालशील रे, पण चूक कोण काढील?"

चूक काढण्याच्या त्यांच्या काही युक्त्या होत्या. फरकाच्या रकमेस नऊने निःशेष भाग जात असेल, तर कोणीतरी आकड्यांची अदलाबदल केली असावी, असे ते ताबडतोब सांगत. बहात्तरच्या जागी सत्तावीस लिहिले, तर फरक पंचेचाळीसचा पडतो आणि पंचेचाळीसला नऊने भाग जातो. तुम्ही कोणतीही दोन अंकी संख्या घेऊन पडताळून पाहा. चुकीचा आकडासुद्धा काहीतरी सांगत असतो; तो आपण ऐकला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. निवृत्त झाल्यावर ही विद्या पुन्हा कधी उपयोगी पडेल, असे मला वाटले नव्हते.

गेल्या मे महिन्यात माझा बारा वर्षांचा नातू सुटीसाठी आमच्याकडे आला. उन्हामुळे दुपारी बाहेर खेळण्याची सोय नव्हती. आजी आपल्या आंब्यांच्या आढीत गुंतलेली; रोज सकाळी ती गवत बाजूला सारून पिकलेले आंबे निवडी आणि मोजून परडीत ठेवी. त्या आंब्यांवरूनच नातवाला कल्पना सुचली. तो म्हणाला, "आजोबा, आपण संगणकावर आंबे झेलण्याचा खेळ करू या का?" खेळ विकत आणावा लागतो, एवढेच मला ठाऊक. तो आपण करता येतो, हे त्याने मला सांगितले आणि 'स्क्रॅच' नावाच्या भाषेशी माझी ओळख करून दिली.

ही भाषा अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत मिचेल रेझ्निक आणि त्यांचे सहकारी यांनी मुलांसाठी तयार केली आणि २००७ साली ती सर्वांना खुली झाली. तिच्यात आज्ञा लिहावयाच्या नसतात, तर त्या रंगीत ठोकळ्यांच्या रूपाने एकाखाली एक जोडावयाच्या असतात. हालचालीचे ठोकळे निळे, खेळ सुरू करणारे पिवळे, दृश्य बदलणारे जांभळे. 'जर अमुक घडले तर' या अर्थाच्या ठोकळ्याला जबडा असतो. घडल्यावर जे करावयाचे ते त्या जबड्यात ठेवावयाचे. जे ठोकळे एकमेकांना शोभत नाहीत, ते एकमेकांत बसतच नाहीत. त्यामुळे या भाषेत व्याकरणाची चूक करणे जवळजवळ अशक्य आहे, असे पाहून मला फार आनंद झाला. परंतु व्याकरण शुद्ध असले म्हणजे अर्थही शुद्ध असतो, असे थोडेच आहे? 'दगडाने पाणी पिऊन अभ्यास केला' या वाक्यात कर्ता, कर्म, क्रियापद सारे आपापल्या जागी आहे!

आम्ही दोघांनी मिळून पडद्यावर निळे आकाश केले, खाली एक टोपली ठेवली आणि वरून आंबा पडेल अशी व्यवस्था केली. टोपली डावीउजवीकडे सरकविण्यासाठी बाणांच्या कळा. आंबा दर पावलाला पाच घरे खाली येई. टोपलीला आंबा लागला की एक गुण, आणि एक मिनिट झाले की खेळ समाप्त. गुणांचा ठोकळा मी स्वतः बसविला. हिशेबाचे काम दुसऱ्याच्या हाती देणे मला आवडत नाही. वर नातवाला ऐकविलेही, "हिशेबात आपला-परका नसतो, बाळ!"

पहिला डाव माझा झाला. माझी बोटे मंद. बारा आंबे जेमतेम झेलले. नंतर नातू बसला. त्याची चपळाई पाहण्यासारखी होती. आंबा झेलताच तो टोपली चटकन मध्यावर आणी, म्हणजे पुढचा आंबा कोठेही पडो, त्याला गाठता येई. त्याने बावीस झेलले. मग आम्ही गुण पाहिले. माझे १६८ आणि त्याचे १२१!

नातवाने एकदा पडद्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले. "आजोबा, मी बावीस झेलले आणि तुम्ही बारा. तरी तुम्ही कसे जिंकलात?"

"काहीतरी चूक आहे," मी म्हणालो.

"गुणांचे ठोकळे तुम्हीच बसवले ना?" एवढेच तो बोलला. पण ते शब्द मला लागले. चौतीस वर्षांत माझ्या वहीकडे कोणी बोट दाखविले नव्हते.

मी आकडे तपासू लागलो. बारा आंब्यांचे १६८, म्हणजे एका आंब्याचे बरोबर चौदा. वा! मग चौदाने भागावे की झाले. यंत्र एका आंब्याचे चौदा मोजत असेल, तर आपण पुन्हा एकाचा एक करू. मी तसा ठोकळा जोडला. माझे गुण बारा झाले, अगदी चोख. नातवाचे किती व्हावे? १२१ ला चौदाने भागले तर साडेआठांहून थोडे अधिक!

"माझे बावीस आंबे साडेआठ?" नातू उठला आणि ओटीवरच्या झोपाळ्यावर जाऊन बसला. रागाने पाय आपटीत गेला असता, तर मला इतके वाईट वाटले नसते. तो अगदी शांतपणे गेला. आणि मला आमच्या अकौंटंटांची आठवण झाली. खिशातून दहा पैसे घालून बेरीज जुळविणाऱ्या नवख्या कारकुनासारखेच मी वागलो होतो!

संगणकाच्या आज्ञावलीतील चुकीला इंग्रजीत किडा म्हणतात. १९४७ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या एका प्रचंड गणकयंत्रात खरोखरीच एक पतंग अडकलेला सापडला आणि तेथील मंडळींनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला. मात्र यंत्रातील दोषाला किडा म्हणण्याची चाल त्याहून जुनी; एडिसनच्या १८७८ मधील पत्रातही ती आढळते. त्या पतंगासारखा माझा किडा डोळ्यांना दिसता, तर किती बरे झाले असते! सारे ठोकळे मोडून मी पुन्हा पहिल्यासारखेच जोडले. अर्थात चूकही पहिल्यासारखीच पुन्हा हजर झाली.

स्क्रॅच वापरणाऱ्या मंडळींचा जगभर पसरलेला एक मोठा समुदाय आहे. कोणाचे काही अडले, तर तो आपली अडचण सर्वांपुढे मांडतो आणि ज्याला ठाऊक असेल तो सांगतो. तेथे कोणी आपले खरे नाव लावीत नाही. मुलांनी तसे लावू नये अशीच तेथील शिकवण आहे. नातवाने हे मला आधीच सांगितले होते, पण अनोळखी माणसांपुढे आपले अज्ञान उघडे करावयाचे, ही कल्पना मला रुचली नव्हती. त्या रात्री झोप येईना, तेव्हा उठलो आणि लिहावयास बसलो. 'आदरणीय महोदय' अशा थाटाने आरंभ करून मी इंग्रजीत एक भलेमोठे पत्र लिहिले. त्यात माझी नोकरी होती, नातू होता, उन्हाळाही होता. शेवटी लिहिले, 'खेळ नीट चालत नाही. कृपया मदत करावी.'

सकाळी उत्तर आले होते. 'काय व्हावे असे तुम्हांला वाटत होते? प्रत्यक्षात काय होते? खेळ सर्वांना पाहता येईल असा ठेवा, म्हणजे आतले ठोकळे पाहता येतील.' मला थोडा रागच आला. एवढे मोठे पत्र लिहिले आणि याला काही समजू नये? मी ते पुन्हा वाचले. त्यात काय व्हावे ते नव्हते आणि काय होते तेही नव्हते! मग मी नीट लिहिले. एका आंब्याला एक गुण मिळावा. मला चौदा मिळतात. नातवाला कधी तीन, कधी पाच, क्वचित चौदा. हे शेवटचे वाक्य लिहिताना माझा हात थबकला. नातवाला चौदा केव्हा मिळत होते, हे मी पाहिलेच नव्हते. मी केवळ माझ्याच आंब्यांचे गणित केले होते.

दुसरे उत्तर त्याच दिवशी आले आणि त्यात एकच ओळ होती : 'टोपलीला लागल्यावर आंबा कोठे जातो?'

कोठे जातो म्हणजे? टोपलीत जातो! झेललेला आंबा आणखी कोठे जाणार? मी चिडून खेळ सुरू केला आणि प्रथमच गुणांकडे किंवा बाणांकडे न पाहता केवळ आंब्याकडे पाहिले. आंबा वरून आला, टोपलीला लागला आणि टोपलीतून आरपार खाली निघून गेला.

मी कपाळाला हात लावला. टोपलीत पडलेली वस्तू टोपलीत राहते, हे मला ठाऊक होते, तुम्हांला ठाऊक आहे, आमच्या आजीच्या मांजरालाही ठाऊक आहे; पण संगणकाला ते कोणी सांगितले होते? त्याच्या दृष्टीने ती दोन चित्रे. स्क्रॅच दर सेकंदाला सुमारे तीस वेळा आज्ञांची फेरी करतो. प्रत्येक फेरीत तो पाही, चित्राला चित्र लागले आहे काय? लागले आहे, घाला एक गुण. आंबा पाच घरे खाली. अजून लागले आहे काय? आहे, घाला आणखी एक. टोपलीची उंची चाळीस घरे आणि आंब्याची तीस. हे सत्तरांचे अंतर पाच-पाच घरांनी ओलांडावयास चौदा पावले पडतात. चौदा कोठून आले, ते असे कळले!

खात्री करून घेण्याची सवय जुनीच. मी पाचाच्या जागी एक घातले. आता आंबा गोगलगाईसारखा उतरू लागला. माझा तर्क खरा असेल, तर एका आंब्याचे सत्तर गुण पडावयास हवेत. आंबा टोपलीतून हळूहळू पार झाला. गुण पाहिले : ७०. बँकेत ताळा जुळल्यावर जे सुख होई, ते मला किती वर्षांनी पुन्हा लाभले!

मी ओटीवर जाऊन नातवाला हाक मारली. तो आला, पण लांबच उभा राहिला. मी काही न सांगता तो मंदगती आंबा त्याला दाखविला. गुण दहा, वीस, तीस असे चढू लागले. तो पुढे सरकला. आंबा अर्धा पार झाला असेल नसेल, त्याने एकदम बाण दाबून टोपली बाजूला घेतली. गुण तेथेच थांबले.

"आजोबा!" तो ओरडला, "म्हणजे मी टोपली लगेच मध्यावर नेत होतो, म्हणून मला कमी मिळत होते! आणि आंबा मध्यावरच पडला, तर हलवत नव्हतो, तेव्हा चौदा!"

जे मी पाहिले नव्हते, ते त्याने पाहिले होते. पुढचा ठोकळाही त्यानेच बसविला. गुण मिळाल्याबरोबर, त्याच जबड्यात, आंब्याने पुन्हा वर जावे. एवढाच एक ठोकळा! माझा भागाकाराचा ठोकळा त्याने ओढून काढून टाकला, आणि मी तो टाकू दिला.

"बाळ," मी म्हणालो, "काल तुझे बावीस आंबे मी साडेआठ केले. ते चुकीचे होते. मी न पाहता भागाकार केला." आम्ही एक वही केली आणि तिच्या पहिल्या पानावर कालच्या डावाचे गुण लिहिले : नातू २२, आजोबा १२. खाली मी माझी सही केली, पूर्वी बँकेत करीत असे तशी.

त्या अनोळखी साहाय्यकाला मी आभाराचे पत्र पाठविले, पुन्हा 'आदरणीय महोदय' म्हणूनच. दुसऱ्या दिवशी त्याचे उत्तर आले. खेळ चालू लागला हे वाचून आनंद झाला. तो मजकडून खेळून पाहावयाचा आहे, पण आधी शाळेचा गृहपाठ पुरा करावयाचा आहे, म्हणून संध्याकाळी पाहीन, असे त्यात लिहिले होते. नातू पोट धरून हसला. "आजोबा, तुमचे महोदय माझ्याएवढे आहेत!" तो मुलगा होता की मुलगी, आणि जगाच्या कोणत्या भागात तो गृहपाठ चालला होता, हे मला आजही ठाऊक नाही.

मग आम्ही पुन्हा डाव मांडला. नातवाने पंचवीस झेलले, मी तेरा. गुण : २५ आणि १३. वहीत आकडे लिहीत होतो, इतक्यात माजघरातून आजीचा आवाज आला, "अहो, परडीत सकाळी मी मोजून अठरा आंबे ठेवले होते. आता सोळाच भरतात!"

नातवाने तोंड पुसले आणि अतिशय गंभीर चेहरा करून मला हळूच विचारले, "आजोबा, टोपलीत ठेवल्यावर आंबा कोठे जातो?"