झोपेतून उठणारा लॅपटॉप : आधी नोंद, मग औषध



आजची नोंद डाऊनीची नाही, भुरीची नाही, लॅपटॉपची आहे. पण आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या घरात आता एक लॅपटॉप आहे. फवारणीचं रेकॉर्ड, मजुरीचा हिशोब, माती-पाणी-देठ तपासणीचे रिपोर्ट, सगळं त्यात. निर्यातीच्या प्लॉटला तर कोणतं औषध कोणत्या तारखेला, किती मात्रेत मारलं आणि काढणीला किती दिवस राहिले, हे मागितल्याबरोबर दाखवावं लागतं. म्हणून लिहितोय.

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सुरक्षेच्या दुरुस्त्या बंद झालेल्या लॅपटॉपवर बँकेचं काम करायचं नाही असं आमच्या घरात ठरलं होतं, म्हणून फळ छाटणी आटोपल्यावर विंडोज ११ टाकून घेतलं. लॅपटॉप जुना, पण ११ चालण्याइतका. कंपनीचं नाव सांगत नाही, गरज नाही.

अपडेट नीट झालं. त्रास सुरू झाला आठवड्यानं. रात्री चार्जर लावून झाकण बंद करायचं आणि सकाळी बघावं तर बॅटरी शून्य. एक दिवस पॅकहाऊसचे साहेब सकाळी साडेसातला प्लॉट बघायला आले. लाइट नाही, लॅपटॉप मेलेला. वही होती म्हणून निभावलं. पण दोन्ही प्लॉटच्या मागच्या हंगामाच्या तुलनेचा तक्ता लॅपटॉपमध्येच होता, तो दाखवता आला नाही. साहेब म्हणाले, "दादा, पुढच्या वेळी दाखवा." पुढची वेळ म्हणजे पंधरा दिवसांनी. घड पंधरा दिवस थांबत नाहीत.

तालुक्याला दुकानात दाखवला. त्यांनी दोन मिनिटांत निकाल दिला, "बॅटरी गेली, बदला. आणि एकदा फॉरमॅट मारू." पान पिवळं दिसलं की फेरस सल्फेटही टाका, युरियाही टाका, निमॅटोडचं औषधही सोडा, त्यातलाच हा प्रकार. पानाचा पिवळेपणा नत्राच्या कमतरतेचा आहे, चुनखडीचा आहे, की मुळात पाणी साचल्याचा, ते बघितल्याशिवाय आपण ड्रिपमधून काही सोडत नाही. लॅपटॉप घरी आणला आणि पुण्याच्या पुतण्याला फोन लावला.

तो म्हणाला, "काका, त्यालाच विचारा ना. सगळं लिहून ठेवतो तो."

हे मला नवीन होतं. खरंच लिहून ठेवतो. कसं विचारायचं ते क्रमानं सांगतो.

१. बॅटरी खरंच गेली का?
स्टार्टच्या चिन्हावर उजवं क्लिक करा, 'टर्मिनल (ॲडमिन)' उघडा. काळी खिडकी येते, घाबरायचं नाही. त्यात इंग्रजीत लिहायचं 'पॉवरसीएफजी', म्हणजे पॉवर आणि त्याला जोडून सी-एफ-जी, मध्ये जागा नाही. मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला चिकटून 'बॅटरीरिपोर्ट', सलग. एंटर मारलं की एक फाइल तयार होते, ती कुठं ठेवली तेही तिथंच लिहून येतं. फाइल उघडली की दोन आकडे बघायचे. बॅटरीची मूळ क्षमता आणि आज पूर्ण भरल्यावरची क्षमता. माझे आकडे ४१,०४० आणि ३३,१०० आले. म्हणजे ८० टक्के शिल्लक. एवढ्या वर्षांनी हे चांगलंच आहे. बॅटरी निर्दोष.

२. झोप कोणत्या जातीची?
त्याच पद्धतीनं 'पॉवरसीएफजी', जागा, तिरकी रेघ आणि 'ए'. झोपेच्या दोन मुख्य जाती आहेत. 'एस ३' ही जुनी झोप. फक्त रॅमला थोडी वीज मिळते, बाकी सगळं बंद. 'एस ०' ही नवी. यात लॅपटॉप मोबाईलसारखा अर्धवट जागा असतो, मागं कामं चालू राहू शकतात. माझ्याकडं एस ३ निघाली. म्हणजे रात्रभरात बॅटरी चार-पाच टक्क्यांवर उतरायला नको. उतरते याचा अर्थ लॅपटॉप झोपलेलाच राहत नाही. मध्येच उठतो.

३. उठवतो कोण?
'पॉवरसीएफजी', जागा, तिरकी रेघ, 'लास्टवेक'. शेवटचं कुणी उठवलं ते येतं. माझ्याकडं नाव आलं नेटवर्क कार्डाचं, जिथं राऊटरची केबल लागते त्याचं. वस्तीच्या घराच्या दगडी भिंतीत वायफाय पोचत नाही, म्हणून मी केबल लावलेली आहे.

पण एका नोंदीवरून निदान करायचं नसतं. मागच्या रात्रींचं बघायला 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडायचा, त्यात 'विंडोज लॉग्ज', त्यात 'सिस्टिम'. तिथं 'पॉवर-ट्रबलशूटर' नावाच्या १ नंबरच्या नोंदी शोधायच्या. झोपला किती वाजता, उठला किती वाजता, उठवलं कुणी, सगळं लिहिलेलं असतं. मी तीन रात्रींच्या वेळा वहीत उतरवल्या. १२:०७, १२:०६, १२:१३.

या वेळा कुठंतरी बघितल्यासारख्या वाटल्या. मोबाईलचे मेसेज काढले. त्या आठवड्यात आमच्या फिडरला रात्रपाळी होती आणि विहिरीवरचा ऑटो स्टार्टर थ्री फेज आली की मेसेज टाकतो. मेसेजच्या वेळा होत्या १२:०५, १२:०४, १२:११. रोज बरोबर दोन मिनिटांचा फरक!

मग साखळी जुळली. वस्तीची लाइट शेतीच्याच फिडरवर. सिंगल फेजवरून थ्री फेजवर जाताना क्षणभर लाइट जाते. राऊटर बंद पडून परत चालू होतो आणि केबलमधून हाक मारतो. नेटवर्क कार्ड ती हाक ऐकून लॅपटॉपला उठवतं. पुढं दोन-अडीचला फिडर ट्रिप झाला की लॅपटॉप जागाच, तोही बॅटरीवर. सकाळपर्यंत शून्य.

अपडेटच्या आधी हे का होत नव्हतं? अपडेटमध्ये कार्डाचा ड्रायव्हर नवीन बसला आणि 'या उपकरणाला संगणक उठवू द्या' ही खूण त्यात आपोआप लागलेली होती. उपाय सोपा. 'डिव्हाइस मॅनेजर', 'नेटवर्क ॲडॉप्टर्स', कार्डावर उजवं क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'पॉवर मॅनेजमेंट'. तिथली ती खूण काढायची. वायरलेस माऊसचीही अशीच खूण असते. टेबल हललं तरी तो उठवू शकतो.

४. परत झोपू देत नाही कोण?
इथं पुतण्यानं चांगला मुद्दा काढला. माणूस जवळ नसताना असा उठलेला लॅपटॉप साधारण दोन मिनिटांत परत झोपायला हवा. हा पहाटेपर्यंत जागा का? म्हणजे रोग दोन आहेत. एक उठवणारा, दुसरा झोपू न देणारा.

त्यासाठी 'पॉवरसीएफजी', जागा, तिरकी रेघ, 'रिक्वेस्ट्स'. सगळीकडं 'नन' यायला पाहिजे. माझ्याकडं 'सिस्टिम'खाली आलं की ऑडिओ वापरात आहे. गाणं नाही, व्हिडिओ नाही, ब्राऊझरही बंद. आवाजाचा ड्रायव्हर उगाच जागा धरून बसला होता. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून विंडोज ११ साठीचा ड्रायव्हर उतरवला, बसवला, लॅपटॉप रीस्टार्ट केला. 'नन' आलं.

दोन्ही गोष्टी एकाच दिवशी केल्या नाहीत, हे मुद्दाम सांगतो. आधी फक्त नेटवर्कची खूण काढली आणि तीन रात्री बघितल्या. थ्री फेज आली, लॅपटॉप उठला नाही. मग मीच उठवून तसाच सोडून बघितला, तर झोपत नव्हता. मग आवाजाचा ड्रायव्हर. एका टाकीत चार औषधं मिसळली की कोणतं लागू पडलं ते कळत नाही, आणि पुढच्या वर्षी चारही विकत आणावी लागतात.

आता चार्जर काढून रात्रभर ठेवून बघितला. रात्री ९२ टक्के, सकाळी ८८. दुकानदारानं सांगितलेला बॅटरीचा खर्च वाचला आणि फॉरमॅटच्या नादात आठ हंगामांचं रेकॉर्ड इकडंतिकडं व्हायचं तेही टळलं. रेकॉर्डची एक प्रत पेन ड्राइव्हवर असतेच, तुम्हीही ठेवा.

ज्यांच्या लॅपटॉपला एस ३ नाही, फक्त एस ० आहे, त्यांनी झाकण बंद केल्यावर स्लीपऐवजी 'हायबरनेट' लावून बघावं. त्यात चालू काम डिस्कवर लिहून लॅपटॉप पूर्ण बंद होतो. उठायला थोडा जास्त वेळ घेतो, पण बॅटरी राहते. बॅगेत घालून मोटरसायकलवर न्यायचा असेल तर हेच बरं. मध्येच उठला तर बॅगेत तापतो. अशा लॅपटॉपला 'पॉवरसीएफजी', जागा, तिरकी रेघ, 'स्लीपस्टडी' हा रिपोर्टही मिळतो. कोणत्या झोपेत किती बॅटरी गेली ते त्यात दिसतं.

दुकानदारावर माझा राग नाही. त्याच्याकडं दिवसाला वीस गिऱ्हाइकं, आणि माझ्या फिडरला थ्री फेज किती वाजता येते हे त्याला कुठून माहीत असणार? ते आपल्यालाच माहीत असतं. म्हणून दुकानात जाण्याआधी तीन रात्रींच्या वेळा लिहा, शेजारी लाइट आल्या-गेल्याच्या वेळा लिहा, आणि तो कागद दुकानदाराच्या हातात द्या. निम्मं निदान तिथंच होतं.