कोरा रकाना

समुद्रकाठी जन्मलेल्या माणसाला समुद्र कळतो, असा समज आम्ही पन्नासहून अधिक वर्षे मोठ्या अभिमानाने बाळगला. लहानपणी आम्ही वाडीतल्या बावखलात पोहायला शिकलो, भरती-ओहोटीच्या वेळा आजीकडून पाठ केल्या. परंतु आमच्या वसईच्या किनाऱ्यावरचे पाणी गाळाने गढूळ. कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले तर स्वतःची पावलेही दिसत नाहीत. समुद्राचा पृष्ठभाग तेवढा आम्हाला ठाऊक होता. त्याच्या पोटात काय आहे, ते बाजारातल्या टोपलीत येईल तेवढेच.

हा समज मोडण्यास निमित्त झाले ते एका सहलीचे. आमच्या धर्मग्रामातील एका दांपत्याच्या विवाहाचा रौप्यमहोत्सव जवळ आला होता. हॉल, बँड आणि जेवणावळी यांवर खर्च न करता जवळच्या आप्तांना घेऊन अंदमानला जावे आणि तेथील नितळ पाण्यात उतरून प्रवाळांचे जग पाहावे, असे त्यांनी ठरविले. तीन कुटुंबांतील तेरा माणसे झाली, चौदावे आम्ही. "फादर, तुम्ही याद्या चांगल्या करता," असे म्हणून त्यांनी नियोजनाची वही आमच्या हाती दिली. प्रशंसेला भुलणे हा आमचा जुना दोष. आम्ही वही घेतली.

पहिला प्रश्न ऋतूचा. अंदमानात दोन्ही मोसमी वारे पाऊस देतात. नैर्ऋत्य मोसमी पाऊस तेथे मे महिन्याच्या उत्तरार्धातच पोहोचतो आणि पुढे ईशान्य वाऱ्यांचा पाऊस वर्षाच्या अखेरीपर्यंत रेंगाळतो. जानेवारी ते एप्रिल या काळात समुद्र शांत असतो आणि पाण्याखाली दूरवर दिसते. दुसरा प्रश्न आमच्या पंचांगाचा. नाताळ, नववर्ष आणि तीन राजांचा सण आटोपल्याशिवाय धर्मगुरूला गाव सोडता येत नाही आणि राखेच्या बुधवारापूर्वी परतलेच पाहिजे. दोन्ही पंचांगे जुळवून जानेवारीचा अखेरचा आठवडा मुक्रर झाला.

मग मार्ग. चेन्नईहून जहाजाने जावे तर सुमारे तीन दिवस लागतात. तेवढी रजा कोणालाच नव्हती, म्हणून विमान. उतरायचे ते पोर्ट ब्लेअरला. २०२४ साली या शहराचे नाव श्री विजयपुरम झाले आहे. तेथून सुमारे दोन तासांच्या बोटीच्या प्रवासाने स्वराज द्वीप, म्हणजे २०१८ पर्यंतचे हॅवलॉक. तेथील एलिफंट बीचवर उथळ पाण्यात प्रवाळ आहेत. पोहण्यात कच्च्या असलेल्या माणसांनी तेथे लाइफ जॅकेट घालून पाण्यावर पालथे तरंगावे, तोंडात स्नॉर्कलची वाकडी नळी धरून श्वास घ्यावा आणि मास्कच्या काचेतून खाली पाहावे. ज्यांना खोल जायचे आहे त्यांनी पाठीवर हवेची टाकी घेऊन, प्रशिक्षकाच्या सोबतीने, फार तर १२ मीटरपर्यंत बुडी मारावी.

परतीचे विमान केव्हाचे घ्यावे, यावर मोठा वाद झाला. बुडीच्या दिवशीच संध्याकाळी निघून एका मुक्कामाचे पैसे वाचवावेत, असे काहींचे मत पडले. पण ते घातक ठरले असते. दाबाखाली श्वास घेताना हवेतील नायट्रोजन रक्तात आणि शरीराच्या पेशींत विरघळतो. तो बाहेर पडण्यास वेळ द्यावा लागतो. लगेच विमानात बसून उंचावर गेल्यास, सोड्याची बाटली उघडल्यावर यावेत तसे त्याचे बुडबुडे शरीरातच होऊ शकतात. म्हणून एका बुडीनंतर निदान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर निदान १८ तास विमानात बसू नये, असा दंडक आहे. आम्ही पूर्ण एक दिवस मोकळा ठेवला. तो रविवार आहे. सकाळी स्टेला मारिस, म्हणजे 'समुद्रतारका', या कॅथेड्रलमध्ये मिस्सा आणि दुपारी सेल्युलर जेल. ज्या भिंतींआड माणसांनी वर्षांमागून वर्षे काढली, त्या पाहण्यासाठी आपणास एका मुक्कामाचा खर्च जड वाटावा, याची नंतर सर्वांनाच लाज वाटली.

लहानसहान अडचणींनी आमच्या बैठका रंगल्या. एका काकांच्या भरघोस मिशीमुळे मास्क चेहऱ्याला घट्ट बसेना आणि पाणी आत शिरू लागले. पंचवीस वर्षांत बायकोच्या आग्रहास न जुमानलेली मिशी प्रवाळांसाठी काढावी काय, यावर ते अद्याप विचार करीत आहेत. ज्यांना चष्मा आहे त्यांना त्यांच्या नंबरची काच असलेला मास्क मिळतो का, याची चौकशी झाली. ज्याला सर्दी झाली असेल त्याने त्या दिवशी खोल जायचे नाही, हेही ठरले. कारण नाक चोंदले तर कानातील दाब सारखा करता येत नाही आणि कानाचा पडदा दुखावतो. मगरींचाही विषय निघाला. २०१० साली राधानगर किनाऱ्याजवळ स्नॉर्कलने पोहणारी एक परदेशी तरुणी मगरीच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडली होती. जेथे धोक्याची पाटी असेल तेथे पाऊलही टाकायचे नाही, असे आम्ही वहीत ठळक अक्षरांत लिहिले.

शेजारच्या एका आजीने निरोप धाडला, "फादर, गोठ्यासाठी पांढऱ्या पोवळ्याचा एक तुकडा आणा हो, बाळ येशूच्या पायाशी ठेवू." नाही म्हणणे जिवावर आले, पण म्हणावे लागले. २००१ पासून प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. तुकडा उचलणे हाही गुन्हा. शिवाय प्रवाळ हा दगड नव्हे. ते सूक्ष्म जीवांचे गाव आहे. त्यांच्या पेशींत राहणारी शैवाले त्यांना अन्न आणि रंग देतात. पाणी फार तापले की ही शैवाले त्यांना सोडून जातात आणि प्रवाळ पांढरे पडतात. अंदमानात २०१० साली असे मोठ्या प्रमाणावर घडले. आजींना हवा असलेला तो पांढरा रंग बहुधा मृत्यूचा असतो, हे आम्ही त्यांना सांगितले. त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "मग राहू दे बाबा तिथंच."

इथवर सारे सुरळीत होते. मग आला आरोग्याचा अर्ज.

बुडी मारू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने तो भरायचा असतो. दमा आहे का, हृदयाचा काही विकार आहे का, फिट येते का, असे सरळ प्रश्न. वय ४५ च्या पुढे असेल तर रक्तदाबाबद्दल वेगळा प्रश्न. कोठेही 'होय' लिहिले की डॉक्टरांची तपासणी आणि सही आवश्यक. आम्ही गेली सहा वर्षे रक्तदाबाची गोळी घेतो. गोळीने दाब आटोक्यात आहे, आम्ही रोज सकाळी चालतो, दोन मजल्यांची चढण न थांबता चढतो. मग 'होय' लिहून उगाच विघ्न कशाला? आम्ही 'नाही' लिहिले. लिहिताना हात थांबला नाही, हे येथे नमूद केलेच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहलीतला एक अठरा वर्षांचा मुलगा कार्यालयात आला. एके काळचा आमचा वेदीसेवक. त्याच्याच परवानगीने हे लिहीत आहोत. अर्ज टेबलावर ठेवून तो खाली मान घालून उभा राहिला.

"फादर, दम्याचा रकाना कोराच ठेवू का? लहानपणी होता. आता नाही. म्हणजे... पावसाळ्यात दोन-तीनदा पंप घ्यावा लागला."

"आईला विचारलंस?"

"आई म्हणते, खरं लिहिलंस तर नेणार नाहीत. फादरना विचार."

त्याच्या मातेने जो विश्वास आमच्यावर टाकला होता तो पेलण्यास आम्ही त्या क्षणी पात्र नव्हतो. आमचा स्वतःचा खोटा अर्ज खालच्याच खणात होता.

सेमिनरीत जाण्यापूर्वी शिकलेले विज्ञान अशा वेळी आठवते. रॉबर्ट बॉइल याने १६६२ साली मांडलेला नियम असा की दाब वाढला की वायू आकसतो आणि दाब घटला की फुगतो. समुद्रात दर १० मीटर खोलीमागे एका वातावरणाइतका दाब वाढतो. १० मीटरवर, टाकीतील हवेने पूर्ण भरलेली छाती श्वास रोखून वर आणली, तर तीच हवा पृष्ठभागाशी दुप्पट जागा मागते. म्हणून पाणबुड्याचा पहिला नियम हा की श्वास कधीही रोखू नये आणि सावकाश वर यावे. दम्याच्या माणसाने मात्र श्वास रोखला नाही तरी आकसलेल्या श्वासनलिकांमागे हवा अडकून राहू शकते. ती फुगली तर फुप्फुस फाटू शकते, हवेचा बुडबुडा रक्तात शिरून मेंदूपर्यंत जाऊ शकतो. त्या कोऱ्या रकान्यात एवढे सगळे होते.

हे सारे आम्ही त्याला समजावून सांगू शकलो असतो. पण आधी खण उघडावा लागला. आम्ही आमचा अर्ज काढला, त्याच्यासमोर 'नाही' खोडून 'होय' लिहिले आणि खाली सही केली. तो थक्क होऊन पाहत राहिला. "फादर, तुम्हीसुद्धा?" या दोन शब्दांनी आम्हाला जेवढे ओशाळे केले तेवढे कोणत्याही वरिष्ठाने कधी केले नसेल. मग बॉइलचा नियम सांगितला. त्याने पेन घेतले आणि रकाना भरला.

डॉक्टरांनी दोघांनाही तपासले. आमच्या बाबतीत त्यांनी उथळ पाण्यात, लाइफ जॅकेट घालून, दमछाक न करता स्नॉर्कल वापरण्यास मुभा दिली, बुडीस नकार. मुलाच्या श्वासाची चाचणी झाली. पावसाळ्यातील त्रास लक्षात घेता यंदा बुडी नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. स्नॉर्कल चालेल, मात्र पंप बोटीत हाताशी हवा आणि सोबतीला माणूस हवा. सहा महिने तो या बुडीची स्वप्ने पाहत होता. त्याच्याच वयाची दोन भावंडे खाली जाणार आणि हा वर तरंगणार. पुढचे दोन रविवार तो मिस्साला आला, पण आम्हाला न भेटता मागच्या दाराने निघून गेला. आम्ही बोलाविले नाही. खरे बोलण्याची किंमत त्याने भरली होती. वर आमचे सांत्वन ऐकण्याची सक्ती कशाला?

तिसऱ्या रविवारी तो आला तो वही मागण्यास. पाण्यात कोणी एकट्याने उतरायचे नाही, प्रत्येकाला एक जोडीदार हवा, हा नियम आम्ही लिहिला होता. जोड्या मात्र लावल्या नव्हत्या. तेथेच बसून त्याने त्या लावल्या. बुडी मारणाऱ्यांच्या वेगळ्या, तरंगणाऱ्यांच्या वेगळ्या. मिशीवाल्या काकांना त्याने उत्तम पोहणारी भाची दिली. वही परत देताना काही बोलला नाही.

तो गेल्यावर आम्ही पान पाहिले. शेवटच्या ओळीत त्याचे नाव होते आणि त्यासमोर 'फादर'. त्याखाली बारीक अक्षरांत दोन नोंदी: पंप, बोटीत, गोळी, सकाळी न विसरता.

जानेवारीस अजून अवकाश आहे. तोवर आठवड्यातून दोनदा आम्ही दोघे तरणतलावावर जातो आणि पाण्यावर पालथे पडून नळीतून श्वास घेण्याचा सराव करतो. तळाशी निळ्या फरशीखेरीज काही दिसत नाही. दर थोड्या वेळाने तो डोके वर काढतो आणि आम्ही ठीक आहोत ना, ते पाहतो. आम्हीही तेच करतो.