रिकामं कोंदण

“सर, पहली फ्रेम देख लीजिए.” एवढंच तो म्हणत होता. दोनदा म्हणाला, आणि दोन्ही वेळा मी त्याला गप्प केलं.

डिसेंबर २०२२चा पहिला आठवडा. दक्षिण दिल्लीत छतरपूरच्या एका फार्महाऊसवर लग्न होतं. नवरीच्या खोलीत पलंगावर माझ्या असिस्टंटची बॅग उलटी केली होती. बॅटऱ्या, चार्जर, ब्लोअर, मेणाचा गोळा, सुती हातमोजे, आणि त्याने घरून आणलेला पराठ्यांचा डबा. त्या डब्यातला पराठासुद्धा कुणीतरी चमच्याने उचलला आणि खाली काही आहे का ते पाहिलं. तो चमचा मला अजून सलतो.

मी मूळचा विट्याकडचा. खानापूर, आटपाडी, कडेगाव या दुष्काळी पट्ट्यातली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पसरली. जिथे सराफ बाजार तिथे आमच्याकडचं कुणीतरी असतंच. वडील दिल्लीला आले ते चांदनी चौकातल्या कूचा महाजनीत, आणि राहायला करोलबागेत. जुनं सोनं मुशीत वितळवायचं, टाकणखार टाकायचा, तेजाबातून शुद्ध करायचं, असं ते काम. मी भट्टीपाशी बसलो नाही, कॅमेऱ्याकडे वळलो. पण वडिलांच्या खोलीतली एक गोष्ट लक्षात राहिली. संध्याकाळी फरशीवरची धूळ झाडून पोत्यात भरायचे, कारण तिच्यात सोनं असतं. कामाची पोरं हातपाय धुवायची ते पाणीही पिंपात साठवायचे. पोरांना त्यात अपमान वाटायचा का, हे लहानपणी कधी मनात आलं नाही.

त्या दुपारी आम्ही नेमकं काय करत होतो ते सांगायला हवं. दिल्लीच्या लग्नात नवरी तयार होण्याआधी तिचे दागिने, लेहंगा, मोजड्या, पत्रिका यांचे वेगळे फोटो काढतात. डिटेल शॉट्स म्हणतात त्यांना. स्टुडिओत ज्या हारासाठी मी अर्धा दिवस घेईन, त्याला इथे वीस मिनिटं मिळतात. तीही पलंगाच्या कडेवर, भोवती मेकअपवाली, मावश्या, इस्त्री आणि चहाचे कप असताना.

सोन्याचा फोटो अवघड असतो, कारण चकचकीत सोनं समोर जे असेल ते दाखवतं. भिंत हिरवी असली की सोनं हिरवट दिसतं. फोटो काढणाऱ्याच्या अंगात लाल शर्ट असला की पदकावर लाल डाग उमटतो. म्हणून मी या कामाला काळा कुडता घालतो. प्रकाश थेट टाकत नाही, ट्रेसिंग पेपरमधून गाळून घेतो. दोन्ही बाजूंना पांढरे पुठ्ठे लावतो आणि कड उठावी म्हणून मध्ये काळ्या कागदाची पट्टी धरतो. ही काळी पट्टी नसली तर बावीस कॅरेटचं सोनंही पिवळ्या प्लॅस्टिकसारखं सपाट दिसतं. पैलूदार हिऱ्याचं उलटं असतं. त्याला लहान, टोकदार दिवा लागतो, तरच आतले रंग फुटतात. मोत्याला खिडकीसारखा एकच मोठा मऊ उजेड हवा. चारी बाजूंनी प्रकाश दिला तर बसराई मोत्यांची नथसुद्धा खडूच्या गोळ्यांची वाटते.

पोलकी या सगळ्यांत हट्टी. पोलकी म्हणजे पैलू न पाडलेला चपटा हिरा. त्याच्यामागे चकाकीसाठी पातळ वर्ख, खाली लाख, आणि कडेने शुद्ध सोन्याची पट्टी दाबून केलेलं कोंदण. कुंदनकाम ते हेच. हिऱ्याची चमक बरीचशी त्या मागच्या वर्खाची असते. प्रकाशाचा कोन जरा चुकला की लाखमोलाचा खडा काचेचा तुकडा वाटतो. त्यातून मॅक्रो लेन्सने जवळ गेलं की एफ/११ ठेवूनही जेमतेम काही मिलिमीटर स्पष्ट येतात. स्टुडिओत आम्ही फोकस थोडाथोडा सरकवत पंधरा-वीस फ्रेम घेतो आणि नंतर त्या जोडतो. लग्नघरी तेवढा वेळ कुठला? मग लेन्सचं तोंड मोठं उघडायचं, एक पोलकी धारदार ठेवायची आणि बाकीचा हार धुक्यात सोडून द्यायचा. फोटो सुंदर येतो. लोकांना तोच हवा असतो.

त्या दिवशीही मी तेच केलं. नवरीच्या आजीचा जुना रानीहार होता. पदक डावीकडून उजळवलं, उजवी खालची बाजू काळ्या पट्टीच्या सावलीत सोडली. साडेचारला काम संपवून डबा मावशींच्या हातात दिला.

सहाच्या सुमाराला हार नवरीच्या गळ्यात घालताना तिच्या आईला दिसलं, की पदकाच्या उजव्या खालच्या कडेची मसुरीएवढी पोलकी जागेवर नाही.

मग काय झालं ते मी कितीदा मनात उलटंसुलटं केलं आहे. आधी सगळ्यांनी गालिचा पाहिला. मग गादीची चादर झटकली. मग एक काका म्हणाले, “चार से साढ़े चार तो आपके पास था न?” मी हो म्हणालो, खरंच होतं. दुसरे कुणीतरी म्हणाले, की तुमच्या दिव्यांच्या उष्णतेने लाख वितळली असणार. यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. लाख उष्णतेने मऊ होते आणि जुन्या हॅलोजनच्या दिव्याखाली जडाऊ दागिना कुणी तासभर ठेवणार नाही. पण माझे दिवे एलईडी. मी एक दिवा लावून त्याच्यासमोर हात धरून दाखवला. कुणी पाहिलं नाही. तोवर सगळ्यांची नजर माझ्यावरून सरकून शेजारच्या पोरावर गेली होती. वीस-एकवीस वर्षांचा, बुराडीत भाड्याच्या खोलीत राहणारा, पायात रबरी चप्पल. मला कुणी बॅग उघडायला सांगितली नाही. माझी बॅग त्याच्या बॅगेच्या दुप्पट होती.

तो पहिल्यांदा तेव्हा म्हणाला, “सर, पहली फ्रेम.” मी म्हणालो, “तू चुप रह अभी.” मला वाटलं, हा बोलला तर प्रकरण चिघळेल. त्याची बॅग उलटी झाल्यावर तो पुन्हा म्हणाला. मी हाताने थांबवलं. त्याचे खिसेही पाहिले, आणि मी तिथे उभा होतो.

आजवर मी सांगत आलो, की मी त्याला वाचवण्यासाठी गप्प केलं. ते अर्धंच खरं आहे. पलंगाशी तो एकटा असताना, मी लेन्स बदलायला खिडकीपाशी गेलो होतो तेव्हा, त्याने काही केलं असेल का, हा विचार माझ्या मनात आला होता. दोन वर्षं जो माझ्याबरोबर एका ताटात जेवला, त्याच्याबद्दल. त्या काकांचा मला राग येतो, पण ते तर त्याला ओळखतही नव्हते.

साडेसातला, वरात दारात यायच्या बेतात असताना, मी जिन्यात बसून माझं कार्ड तपासलं. माझ्या चाळीस फोटोंपैकी एकातही ती जागा दिसत नव्हती. एकात सावलीत, दुसऱ्यात धुक्यात, तिसऱ्यात गुलाबाच्या पाकळीआड. इतके देखणे फोटो, आणि साक्ष द्यायला एकही उपयोगाचा नाही.

मग त्याचा कॅमेरा उघडला. पहिली फ्रेम ४ वाजून ७ मिनिटांची. ही सवय मीच त्याला लावली होती. दागिना हातात आला की सजावटीआधी तो राखाडी कापडावर सरळ ठेवायचा, शेजारी पट्टी आणि रंगाच्या जुळणीसाठी ग्रे कार्ड, आणि मागून-पुढून एकेक साधा फोटो. ट्यूबलाइटचा उजेड, सावली नाही, कला नाही. स्क्रीनवर मोठं करून पाहिलं. उजव्या खालच्या कडेला रिकामं कोंदण, तळाशी काळपट लाख, आणि त्या लाखेत डब्याच्या मखमलीचा लाल तंतू रुतलेला. खडा आमच्या हातात हार येण्याआधीच, कधीतरी डब्यात किंवा बँकेच्या लॉकरमध्ये, निखळला होता.

मी तो फोटो काकांना दाखवला. ते बराच वेळ पाहत राहिले. “अच्छा, पुराना होगा,” म्हणाले, आणि मग, “चलिए, बारात आ रही है.” बस. पोराकडे कुणी वळून पाहिलं नाही. त्याने बॅग भरली, दिवा उचलला आणि माझ्यामागे फाटकाशी येऊन उभा राहिला. जांभळ्या एलईडीच्या उजेडात माणसांचे चेहरे कातडीच्या रंगाचे ठेवणं ही दिल्लीच्या लग्नातली खरी परीक्षा असते. त्या रात्री त्याने दिवा असा धरला की वरमालेच्या एकाही फोटोत नवरीचा चेहरा जांभळा आला नाही. पहाटे चारला बिदाई झाली. निघताना काकांनी त्याच्या हातात अकराशेंचं पाकीट ठेवलं आणि त्याने ते घेतलं. मला त्याचा राग आला, का घेतलंस म्हणून. बुराडीपर्यंत त्याला गाडीने सोडलं आणि वाटेत एक शब्द बोललो नाही.

महिन्याभराने नवरीच्या आईचा फोन आला. अल्बममध्ये एका पानावर पदकातली ती जागा रिकामी दिसते, तेवढी भरून द्याल का? मी भरून दिली. शेजारच्या पोलकीची नक्कल करून तिथे बसवायला पाच मिनिटं लागली. कॅटलॉगच्या कामात आम्ही हे रोज करतो. खड्यावरचा ओरखडा, वाकडं कोंदण, मंद पडलेला वर्ख, सगळं दुरुस्त होतं आणि पाहणाऱ्याला वाटतं दागिना असाच आहे. त्याआधी मला यात गैर वाटलं नव्हतं. आता फार मोकळेपणाने तसं म्हणवत नाही. मूळ फाइल माझ्याकडे आहे, पण अल्बम त्यांच्या घरी आहे, आणि त्या अल्बमात त्याच्या बाजूने बोलणारी जागा मी स्वतः बुजवली.

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना म्हणून सांगतो. जून २०२१पासून सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्कची सक्ती टप्प्याटप्प्याने आली, प्रत्येक नगाला सहा अक्षर-अंकांची स्वतंत्र ओळख मिळाली. पण कुंदन, पोलकी आणि जडाऊ काम त्या सक्तीतून वगळलेलं आहे. म्हणजे लग्नात सगळ्यांत जास्त मिरवला जाणारा दागिनाच बिनओळखीचा असू शकतो. त्याची नोंद तुमचा साधा फोटो. तो आधी काढा, घरच्या माणसाला तिथेच स्क्रीनवर दाखवा, आणि मगच गुलाबाच्या पाकळ्या पसरा. दागिना दुसऱ्या खोलीत नेऊ नका. घरचं एक माणूस शेजारी बसवाच, त्यांना वेळ नसला तर काम सुरू करू नका. आणि असिस्टंट काही सांगत असेल तर आधी ऐका.

त्या आईची बाजू मला कळत नाही असं नाही. सासूने विश्वासाने दिलेला हार, दारात वरात, आणि गळ्यात घालताना भोक दिसतं. माझीही बुद्धी चालली नसती. वडिलांच्या खोलीतलं ते पिंप आठवलं की वाटतं, आम्ही तरी कोण वेगळे? असं म्हणतो, आणि तो चमचा पुन्हा डोळ्यांसमोर येतो. नाही, पराठा उचलून पाहण्याची काही गरज नव्हती.

तो मार्चमध्ये काम सोडून गेला. आता नोएडात एका स्टुडिओत चपला, बाटल्या, घड्याळं यांचे फोटो काढतो. पांढरी पार्श्वभूमी, दिवसाला शंभरेक नग. दिवाळीला मेसेज येतो. जानेवारीत मी त्याचे पैसे वाढवले होते, माफी मात्र मागितली नव्हती. पाकीट त्याने का घेतलं हे विचारायचा मला हक्क नव्हता, एवढं कळायलाही मला फार दिवस लागले.

गेल्या हिवाळ्यात गुडगावच्या एका लग्नात नवरीची आत्या माझ्या सांगण्यावरूनच शेजारी खुर्ची टाकून बसली. प्रत्येक बांगडी मोजून द्यायची, मोजून घ्यायची, माझ्या बोटांवरून नजर हटवायची नाही. नियम माझाच होता. तरी दहा मिनिटांत माझे कान तापले आणि दोन फ्रेम हलल्या. नवा असिस्टंट शांतपणे ग्रे कार्ड धरून उभा होता.