नदीकाठची पेठ आणि पाण्यातून निघालेली गाडी

नारायण पेठ म्हटले की आमच्या घरातल्या बायकांना आधी साडी आठवते. ती साडी तेलंगणातल्या नारायणपेठ गावची. पुण्याची नारायण पेठ नारायणराव पेशव्यांच्या नावाची आहे आणि ती साडीसाठी नाही, कागदासाठी ओळखली जाते. टिळकांनी १९०५ साली घेतलेला गायकवाड वाडा, म्हणजे आजचा केसरीवाडा, याच पेठेत. केसरीचे संपादक न. चिं. केळकर यांच्या नावाचा रस्ता पेठेच्या मधून जातो आणि अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांपाशी पोहोचतो. छापखाने, बाइंडिंगचे कारखाने, वह्यांचे ठोक व्यापारी असा हा कागदी मुलूख. आणि याच कागदाच्या पेठेला एका अंगाने मुठा नदी लागून आहे.

आमच्या मामूंचा पुस्तकबांधणीचा छोटा कारखाना इथल्या एका गल्लीत आहे, म्हणून आमचे जाणे-येणे असते. पेठेत शिरायच्या वाटा तीन. एक लकडी पुलावरून. १७६१ मध्ये बांधलेला पहिला पूल लाकडाचा होता, आता दगडी आहे, पण नाव लाकडाचेच राहिले. दुसरी वाट झेड ब्रिजची. तिसरी खालून, बाबा भिडे पुलावरून. हा पूल इतका बुटका आहे की खडकवासल्यातून मोठा विसर्ग सुटला की तो दिसेनासा होतो. पुणेकर पावसाचा अंदाज ढगांवरून घेत नाहीत, ‘भिडे पूल बुडाला का?’ असे विचारतात.

टेमघर, वरसगाव आणि पानशेत या तिन्ही धरणांचे पाणी खाली खडकवासल्यात येते. खडकवासला त्या मानाने लहान. वरची धरणे भरत आली आणि घाटात पाऊस थांबेना, की खडकवासल्याला पाणी धरून ठेवता येत नाही, सोडावेच लागते. २५ जुलै २०२४ रोजी हा विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या पुढे गेला. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. म्हणजे दर सेकंदाला जवळपास दहा लाख लिटर पाणी शहराकडे निघाले होते. नदीपात्रातला रस्ता त्याखाली गेला आणि त्याच रस्त्याच्या कडेला मामूंची गाडी उभी होती.

गाडी म्हणजे २०१६ सालची आठ आसनी पेट्रोल व्हॅन. कंपनीची वॉरंटी संपून बरीच वर्षे झालेली. मामूंनी स्वतः तिच्यासाठी प्लायवूडच्या फळ्यांचा पलंग करून घेतला होता. मागची सीट पाडायची, फळ्या मांडायच्या, वर गादी. शेगडी, पाण्याचा कॅन, दोन चटया. दरवर्षी मे महिन्यात घरची सगळी मुले घेऊन ही गाडी कोकणात जायची. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हा मुमानी हसून म्हणाल्या होत्या, “आमची कॅराव्हॅन त्याच्या आधीची आहे.”

भवानी पेठेतल्या घरासमोर गाडी लावायला जागा नाही, म्हणून ती कारखान्याजवळ नदीकाठी असायची. त्या आठवड्यात मुमानींच्या अम्मी आजारी पडल्या. मामू आणि मुमानी एसटीने चिपळूणला गेले. पाणी सुटल्याचे कळताच कारखान्यातल्या पोराने फोन केला, पण किल्ली चिपळूणला आणि गाडी पाण्याच्या वाटेवर. दोन पोरांनी ढकलून पाहिली. हँडब्रेक लागलेला, दरवाजे बंद. सकाळपर्यंत पाणी सीटच्या वर आले.

पाणी ओसरल्यावर आम्ही तिथे गेलो. डॅशबोर्डपर्यंत तांबूस गाळ, पलंगाच्या फळ्या फुगून एकमेकींवर चढलेल्या, गादीतून पाणी टपकत होते. मामू त्याच दिवशी चिपळूणहून परतले. शेजारच्या एकाने चांगल्या मनाने सुचवले, “एकदा सुरू तर करून बघा.” आमच्या ओळखीच्या मिस्त्रींनी तिथल्या तिथे थांबवले. “किल्ली खिशात ठेवा, मामू. लावूच नका.”

त्यांनी सांगितलेले कारण प्रत्येक घराने लक्षात ठेवावे असे आहे. इंजिनच्या सिलिंडरमध्ये पिस्टन हवा दाबतो. हवा दबते, पाणी दबत नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना किल्ली फिरवली तर पिस्टनचा दांडा वाकतो किंवा मोडतो. काही हजारांत सुटणारे काम मग पूर्ण इंजिनवर जाते. शिवाय ओल्या वायरिंगमध्ये वीज सोडली की कंट्रोल युनिट जळू शकते. म्हणून पहिले काम बॅटरीची ऋण तार काढण्याचे आणि दुसरे गाडी ओढून कोरड्या जागी नेण्याचे.

इथून पुढे खरी अडचण सुरू झाली. मामूंचे उस्ताद १९६१ च्या पुरातले. १२ जुलै १९६१ ला बांधकाम चालू असलेले पानशेत धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटले आणि नारायण, शनिवार, कसबा या नदीकाठच्या पेठांत पाणी घुसले. ज्या धरणातून शहराला प्यायचे पाणी यायचे तेच वाहून गेले. हजारो घरे गेली. लोकांना पत्र्याच्या अर्धगोल निसन हटमध्ये राहावे लागले. त्या पुरात भिजलेली पुस्तके वाळवता वाळवता उस्तादांनी जे शिकले ते मामूंना दिले: चिखल ओला असेपर्यंत धुवायचा. वाळला की तो कागद धरतो, मग कागदासकट निघतो. मिस्त्रींचेही म्हणणे तेच. गाळ वाळला की ब्रेकच्या ड्रममध्ये, दरवाजाच्या आत, वायरिंगच्या जोडांत घट्ट बसतो आणि तांबे हिरवे पडू लागते.

पण विमा कंपनीचा फोनवरचा माणूस सांगत होता, “सर्व्हेअर येईपर्यंत गाडीला हात लावू नका.” आणि पूर सगळ्या शहरात आल्यामुळे सर्व्हेअर कधी येईल ते त्यालाही सांगता येत नव्हते.

हात लावला तर भरपाई जाईल, न लावला तर गाडी. दोन दिवस घरात हाच विषय होता. शेवटी मुमानींनी पॉलिसीचे कागद काढले आणि शांतपणे पान पान वाचले. त्यात एक अट सापडली, जी वाहन विम्याच्या कागदात सहसा असते: नुकसान वाढू नये म्हणून मालकाने वाजवी काळजी घेतली पाहिजे. “म्हणजे धुणे हे आपले कामच आहे,” मुमानी म्हणाल्या. “फक्त पुरावा ठेवून धुवायचे.”

मग आम्ही सगळे कामाला लागलो. नंबर प्लेट दिसेल असे चारही बाजूंचे फोटो. आत पाण्याची रेघ जिथपर्यंत होती तिथे मोजपट्टी धरून फोटो. मीटरवरचा, सीटखालचा, इंजिनवरच्या गाळाचा व्हिडिओ. विमा कंपनीला ईमेल: अमुक तारखेला कळवले आहे, सर्व्हेअर अजून आलेले नाहीत, नुकसान वाढू नये म्हणून उद्या सकाळपासून गाळ धुऊन वाळवत आहोत, इंजिन सुरू केलेले नाही, काढलेला प्रत्येक भाग जपून ठेवत आहोत. हा ईमेल गेल्यावरच पाण्याचा पाइप लावला.

मिस्त्रींनी स्पार्क प्लग काढून इंजिन हाताने फिरवले. प्लगच्या भोकांतून पाणी उडाले. ऑइल काढले तर दूध घातलेल्या चहासारखे, म्हणजे त्यात पाणी मिसळलेले. ते बदलले, थोडे चालवून पुन्हा बदलले, फिल्टरसकट. गिअरबॉक्सचे ऑइल, पेट्रोलची टाकी, चारही चाकांचे ब्रेक साफ झाले. सीट, मॅट आणि मॅटखालचे नमद्यासारखे जाड अस्तर बाहेर काढले. गाडीला वास येतो तो याच अस्तरातून. वरून कोरडे वाटते, आत आठवडाभर ओल राहते. दरवाजांच्या खालच्या कडेला पाणी जाण्यासाठी बारीक भोके असतात. ती गाळाने बुजलेली होती, तारेने मोकळी केली. वायरिंगचे जोड एकेक करून उघडले, स्प्रेने धुतले, पंख्याखाली वाळवले.

पलंग मात्र वाचला नाही. तो साध्या प्लायचा होता. पाणी कडेने शिरते, थर सुटतात आणि मग बुरशी धरते. सुताराने सांगितले की पाण्याशी संबंध येणार असेल तर आयएस ७१० चा शिक्का असलेला मरीन प्लाय घ्यावा आणि कापलेल्या कडा रंगाने किंवा सीलंटने बंद कराव्यात. ज्यांच्या गाडीवर छतातून वायर किंवा हवेसाठी झडप काढली आहे त्यांनी दर मे महिन्यात तिथला सीलंट बोटाने दाबून पाहावा. पुराचे पाणी सगळ्यांना दिसते, छतातून टिपटिपणारे दिसत नाही आणि लाकूड तेच कुजवते. मामूंचा पलंग बोल्टने जोडलेला नव्हता, उचलून काढता येत होता, म्हणून खालचा पत्रा वाचला. बोल्टने कायमचे बदल करायचे तर आरटीओची परवानगी लागते, हेही ध्यानात असावे.

सर्व्हेअर आले तेव्हा गाडी धुऊन उघडलेली होती. काही आठवड्यांनी कंपनीचे पत्र आले. इंजिनचे काम नामंजूर, कारण गाडी तपासणीआधी उघडली. सीट आणि वायरिंगची रक्कमही फार कमी. यातला काही भाग नियमाने बरोबर होता. रबर, प्लास्टिक आणि बॅटरीवर ५० टक्के घसारा कापतात, काचेवर कापत नाहीत. पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ४० टक्के. घसारा न कापणारी जोड पॉलिसी घेतलेली असेल तर गोष्ट वेगळी. पलंगाची नोंद पॉलिसीत नव्हती, तो गेला. पण ‘आधी उघडली’ हे कारण मामूंना पटले नाही.

कारखान्यापासून चालत काही मिनिटांवर, केळकर रस्त्यावर जीवन दर्शन नावाची इमारत आहे. तिथे विमा लोकपालाचे कार्यालय आहे. मुंबई वगळता महाराष्ट्राच्या मोठ्या भागातल्या लोकांच्या विम्याच्या तक्रारी इथे येतात. कितीतरी वर्षे मामू त्या इमारतीवरून गेले होते. आता पाटी थांबून वाचली.

पद्धत सोपी आहे. आधी विमा कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी लिहायचे. त्यांनी नाकारले, समाधान केले नाही किंवा एक महिना उत्तरच दिले नाही, तर लोकपालाकडे जाता येते. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाच्या आत. ५० लाखांपर्यंतचे दावे इथे चालतात. फी नाही, वकील लागत नाही. लागतात ते कागद: पॉलिसी, पत्रव्यवहार, बिले, फोटो.

मामू आयुष्यभर इतरांचे कागद शिवत आले. या वेळी त्यांनी स्वतःची फाइल बांधली. तारखेप्रमाणे ईमेल, प्रत्येक फोटोखाली तारीख आणि वेळ, मिस्त्रींचा लेखी जबाब, पॉलिसीतली ती अट रेघ मारून. कंपनीच्या तक्रार विभागाला पत्र गेले. शेवटी एकच ओळ होती की महिन्यात उत्तर न आल्यास विमा लोकपालाकडे अर्ज करू. तेविसाव्या दिवशी उत्तर आले. इंजिनची साफसफाई आणि वायरिंग नियमाप्रमाणे घसारा कापून मंजूर. लोकपालाच्या दारात जावे लागले नाही.

खर्च पूर्ण भरून आला असे नाही. सीटच्या कापडाला ओल्या मातीचा वास पावसाळ्यात अजून येतो. पण गाडी गेल्या मे महिन्यात हर्णैला जाऊन आली, नव्या फळ्यांवर पाच मुले झोपवून.

कारखान्यात आता दाराजवळच्या खिळ्याला गाडीची दुसरी किल्ली टांगलेली असते. ज्या दिवशी खडकवासल्याच्या विसर्गाची बातमी येते, त्या दिवशी कारखान्यातले पोर कोणाला न विचारता गाडी काढते आणि वर, केळकर रस्त्याच्या पलीकडच्या गल्लीत लावून येते. परत आल्यावर किल्ली खिळ्याला लावते आणि पुन्हा शिवायला बसते.