आकड्यापुढचे माप

कर्जत दोन आहेत. एक रायगड जिल्ह्यातले, मुंबई-पुणे रेल्वेमार्गावरचे. दुसरे आमचे, सीना आणि भीमा या नद्यांच्या मधले आणि तरीही दुष्काळी. बाहेरगावी नुसते 'कर्जत' म्हटले की समोरचा विचारतो, "म्हणजे लोणावळ्याजवळचं ना?" त्यामुळे गावाच्या नावापुढे 'नगर जिल्हा' जोडायची सवय आम्हाला लहानपणापासूनच लागली. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. जोड बदलली, पण जोडण्याची गरज काही संपली नाही. पुढे काय लावले आहे त्यावर माणूस कुठे पोचणार ते ठरते. आकड्याचेही तसेच आहे. 'चोवीस' हा आकडा एकटा कुठेच पोचवत नाही. चोवीस काय, हे सांगावे लागते.

मोटारसायकलच्या गॅरेजात हा प्रश्न रोजचा आहे. आमच्या तालुक्यात मोटारसायकल म्हणजे चैन नव्हे. दुधाचे कॅन तिच्यावरून डेअरीला जातात, खताची गोणी तिच्यावरून शेतात जाते, राशीन-मिरजगावचा बाजार तिच्यावरूनच होतो. आणि तिचे नट-बोल्ट कसणाऱ्या हातांत आपल्या समाजाचे हात पुष्कळ आहेत. २००६ सालच्या सच्चर समितीच्या अहवालाने मुस्लिमांमध्ये स्वयंरोजगाराचे प्रमाण मोठे असल्याचे नोंदवले आणि ज्या धंद्यांत आपली माणसे अधिक दिसतात त्यांत वाहनदुरुस्तीचाही उल्लेख केला. अहवाल वाचला नसला तरी गॅरेजात काळ्या तेलाने माखलेली पोरे पाहिली की हे कळते. सातवी-आठवीत शाळा सुटते आणि पोरगा उस्तादाच्या हाताखाली पाने उचलून द्यायला लागतो.

या उस्तादांची विद्या हातात होती. बोल्ट किती कसायचा हे मनगट सांगायचे. आम्ही ज्यांना चाचा म्हणत वाढलो त्यांच्यापैकी एक जण शिकाऊ पोरांना सांगायचे, "बेटा, कसना है, तोडना नै." साऱ्या विद्येचे सार यात आले. बोल्ट कसताना तो किंचित ताणला जातो आणि त्या ताणामुळेच दोन भाग घट्ट धरले जातात. ताण कमी पडला तर रस्त्याच्या हादऱ्यांनी नट सैल होतो. जास्त झाला तर आटे जातात, नाहीतर बोल्टच तुटतो. ॲल्युमिनियमच्या चेंबरला लोखंडी बोल्ट जोरात कसला तर बोल्टाला काही होत नाही, आटे चेंबरचे जातात. मग लेथवाल्याकडे फेरी आणि गिऱ्हाइकाशी वाद.

म्हणून कंपन्या प्रत्येक बोल्टासाठी आकडा छापतात आणि तो मोजायला टॉर्क रेंच असतो. ठरलेल्या जोरापर्यंत पोचला की 'टक्' असा आवाज येतो. अडचण पुढे आहे. हा जोर मोजण्याची मापे तीन. इंग्रजी वळणाच्या जुन्या गाड्यांच्या पुस्तकांत फूट-पौंड. नंतरच्या पुष्कळ पुस्तकांत किलोग्रॅम-मीटर, ज्याला गॅरेजात नुसते 'केजी' म्हणतात. आणि आता सगळीकडे न्यूटन-मीटर. पुस्तक इंग्रजीत आणि रेंचच्या दांड्यावर बहुधा दोन पट्ट्या, एक न्यूटन-मीटरची, दुसरी फूट-पौंडाची. ज्या पोराची शाळा सातवीत सुटली त्याने आकडा बरोबर वाचला आणि पट्टी दुसरी धरली, तर दोष कोणाचा म्हणायचा?

हिशोब करून पाहू. पुस्तकात २४ न्यूटन-मीटर आहे आणि रेंच २४ फूट-पौंडावर लावला. एक फूट-पौंड म्हणजे १.३६ न्यूटन-मीटर. म्हणजे बोल्ट साडेबत्तीसवर कसला गेला, एक तृतीयांशाहून जास्त. चेंबरचे आटे जायला एवढे पुरते. आता उलटे घ्या. पुस्तकात चाकाच्या नटासाठी ४० फूट-पौंड आहे, म्हणजे ५४ न्यूटन-मीटर. पोराने ४० न्यूटन-मीटरवर 'टक्' ऐकले आणि पाना ठेवला. चाक पाव हिश्श्याने सैल राहिले आणि गाडी दुधाचे कॅन घेऊन रस्त्याला लागली. आकडा दोन्ही वेळा पुस्तकातलाच होता.

अशी गफलत मोठ्यांच्या हातूनही झाली आहे. १९८३ साली कॅनडात एका प्रवासी विमानात इंधन भरताना किलोग्रॅमच्या जागी पौंडाचा गुणक वापरला गेला आणि निम्म्याहूनही कमी इंधन घेऊन विमान उडाले. वाटेत, आकाशातच दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिकांच्या कौशल्याने ते गिम्लीच्या जुन्या धावपट्टीवर उतरले आणि सगळे वाचले. तिथे तर शिकलेली माणसे होती, कागदपत्रे होती.

आपल्याला ही गोष्ट परकी वाटू नये. जकातीचा निसाब आपण साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी असा सांगतो. हा तोळा जुना, ११.६६४ ग्रॅमचा. म्हणून निसाब सोन्याचा ८७.४८ ग्रॅम आणि चांदीचा ६१२.३६ ग्रॅम. १९५६ च्या कायद्याने देशात मेट्रिक मापे आली आणि पुढे सराफ १० ग्रॅमलाच तोळा म्हणू लागले. आज कोणी सराफाच्या तोळ्याने हिशोब केला तर सोने ७५ ग्रॅमवर येते, जवळजवळ साडेबारा ग्रॅमचा फरक. फितऱ्याचेही तेच. पुष्कळ ठिकाणी गव्हाचे १ किलो ६३३ ग्रॅम धरतात. हा विचित्र आकडा ८० तोळ्यांच्या शेराने पावणेदोन शेरांचा आहे. रमजानात मशिदीत हा आकडा सांगितला जातो तेव्हा कोणीतरी आपल्यासाठी माप बदलून ठेवलेले असते.

मापाशी आपले नाते जुने आहे. मापात कमी देणाऱ्यांना ताकीद देणारी 'अल-मुतफ्फिफीन' ही सूरह नमाजात ऐकत आपण वाढलो. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या अल-खाजिनी या विद्वानाने मर्व शहरात ११२१ साली 'मीजान अल-हिकमा' हा ग्रंथ लिहिला. सोन्यात चांदीची भेसळ आहे का, हे पाण्यात तोलून ओळखणारा काटा त्यात आहे, आणि तरफेचे गणितही आहे. टॉर्क म्हणजे हेच गणित, जोर गुणिले अंतर. एक मीटर लांब पान्याच्या टोकाला एक किलो वजन टांगले की एक किलोग्रॅम-मीटर झाला.

हे कळले की महागडा रेंच नसतानाही अंदाज तपासता येतो. नटाच्या मध्यापासून वीस सेंटिमीटरवर पान्याला भंगारवाल्याकडे असतो तसा स्प्रिंगचा काटा अडकवायचा आणि पान्याशी काटकोनात ओढायचे. काट्यावर बारा किलो दिसले की २.४ किलोग्रॅम-मीटर, म्हणजे सुमारे २४ न्यूटन-मीटर झाले. उस्तादाच्या मनगटाला हे दाखवावे. बहुतेक उस्ताद जवळपास निघतात, यात आम्हाला शंका नाही. आणि जिथे निघत नाहीत तिथे मनगट एका दिवसात सुधारते. हात आणि आकडा एकमेकांचे वैरी नाहीत. रेंचलाही सांभाळावे लागते. त्याने नट खोलू नये, काम झाल्यावर स्प्रिंग सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवावी. आटे कोरडे की तेलकट, हेही पाहावे, कारण तेलकट आट्यांवर तोच आकडा बोल्टाला जास्त ताणतो.

गिऱ्हाईक गाडी सोडून जाते तेव्हा ती अमानत असते. कसलेला नट त्याला दिसत नाही, तो विश्वासावर चालतो. म्हणून गॅरेजाच्या भिंतीवर मराठीत चार ओळींचा तक्ता हवा. किलोग्रॅम-मीटरला दहाने गुणा (नेमके ९.८१), किलोग्रॅम-सेंटिमीटरला दहाने भागा, फूट-पौंडाला १.३६ ने गुणा, म्हणजे न्यूटन-मीटर मिळतात. चौथी ओळ अशी, की आधी माप वाचा, मग आकडा.

पोरांना हे जड जाणार नाही. त्याच भिंतीवर मुंबईत छापलेले नमाजाच्या वेळांचे कॅलेंडर लटकलेले असते. आपल्याकडे सूर्य मुंबईच्या आठ-नऊ मिनिटे आधी मावळतो, हे त्यांना ठाऊक असते, आणि रमजानात इफ्तारीची वेळ ती मनातल्या मनात वजाबाकी करून सांगतात.